अकरा गोळ्या

निवडणूक आली की बारामतीजवळच्या कन्हेरीचं नाव पेपरात झळकतं. पवारांच्या प्रचाराचा नारळ इथल्या मारुतीपुढं फुटतो. मी गेले वेगळ्या कारणानं. म्हाताऱ्या माणसांना तपासणाऱ्या एक डॉक्टर स्टेथोस्कोप काढण्याआधी औषधांची पिशवी पालथी करायला लावतात, असं कानावर आलं होतं.

ओसरीवर एका आजींची पिशवी रिकामी झाली. डॉक्टरबाईंनी पाकिटं ओळीनं मांडली. "आजी, दिवसाला अकरा गोळ्या!" रक्तदाबाचं एकच औषध दोन नावांनी होतं, एक बारामतीच्या डॉक्टरांचं, एक पुण्याच्या. लघवी व्हायची गोळी आजी रात्री जेवून घेत. त्यापायी झोपमोड, म्हणून झोपेचीही गोळी.

"रातच्याला उठलं की भवंडल्यागत हुतं," आजी म्हणाल्या. दोनदा पडल्या होत्या. अकरा गोळ्या लिहिताना हे कुणी विचारलंच नव्हतं.

रक्तदाब आधी झोपवून, मग उभं करून घेतला. वरचा आकडा १५० वरून ११८ वर आला. २० नं उतरला तरी तोल जाण्याची भीती असते. मग खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालून वळायचं, परत येऊन बसायचं. डॉक्टरबाईंची नजर पावलांवर होती. वळताना आजींची बोटं भिंत चाचपत होती.

म्हाताऱ्यांच्या वैद्यकाचं, म्हणजे जेरियाट्रिक्सचं, एमडी एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं. भारतात ते १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झालं, डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या खटपटीतून. पण २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढचे एक कोटीहून जास्त होते. एवढ्यांना तज्ज्ञ कुठून पुरणार? पिशवी पालथी करणं आणि चाल बघणं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक डॉक्टरच्या हातात बसायला हवं. त्याला मशीन लागत नाही, वेळ लागतो, आणि तोच म्हाताऱ्यांना मिळत नाही.

दुबार गोळी बंद झाली, लघवीची सकाळी गेली. झोपेची एकदम तोडायची नसते, ती अर्धी केली.

"आत्यांच्या पुण्याच्या डॉक्टरांना हे कोण सांगणार?" आजींच्या सुनेनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी दोन्ही डॉक्टरांना चिठ्ठ्या लिहिल्या, काय बंद केलं, का केलं, आणि खाली आपला नंबर टाकला.