तुकडा काचेवर येईपर्यंत

डॉक्टरांनी ‘तुकडा तपासायला पाठवलाय’ असं सांगितलं की त्या घराचे पुढचे आठ दिवस कसे जातात, हे कुणाला वेगळं सांगायला नको. तो तुकडा फॉर्मालिनमध्ये घट्ट होतो, अल्कोहोलमध्ये त्यातलं पाणी जातं, झायलीनमधून तो वितळलेल्या मेणात उतरतो, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनच्या पापुद्र्यांत कापला जातो, रंगतो आणि मग कुठे पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखाली येतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्लाइड स्कॅन करून पडद्यावर निदान करण्याच्या यंत्रणेला पहिल्यांदा परवानगी दिली. तेव्हापासून आपल्याकडच्या परिषदांतही स्कॅनर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचीच सत्रं वाढत चालली आहेत. त्याच काळात तालुक्याच्या गावांतून बरण्या कुरिअरने मुंबई-पुण्याला जाऊ लागल्या आणि कित्येक लहान लॅबमधला मायक्रोटोम झाकून ठेवला गेला. माझं म्हणणं असं की, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या शास्त्रात जी जी प्रगती झाली, तिने तुकडा तयार करण्याच्या कामावरचा भार वाढवला, आणि आपण मात्र दर वेळी त्या कामाची कदर कमी करत आलो.

जुना इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो. १८६९ मध्ये एडविन क्लेब्स यांनी मेणाचा उपयोग सुरू केला, १८७६ मध्ये हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन ही रंगांची जोडी जमली. १८९३ मध्ये फ्रँकफुर्टच्या फर्डिनांड ब्लुम यांना जंतुनाशक म्हणून फॉर्मालिन वापरताना आपल्याच बोटांची कातडी कडक झालेली दिसली आणि त्यावरून ऊती टिकवण्याचा मार्ग सापडला. इथे पद्धतीचा सांगाडा पुरा झाला. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घेतली आणि भारतीय पॅथॉलॉजीला संशोधनाची बैठक दिली. तेव्हाही हाच सांगाडा होता. पुढच्या चार-पाच दशकांत बीकर आपोआप बदलणारे टिश्यू प्रोसेसर आले, ब्लॉकसाठी प्लास्टिकच्या कॅसेट आल्या. बाकी फारसं काही हललं नाही.

खरी उलथापालथ झाली ती आमच्या पिढीने पाहिलेल्या नव्वदच्या दशकात. त्याआधी पेशीतलं अमुक प्रथिन अँटिबॉडी लावून शोधायचं म्हटलं की फॉर्मालिन आडवं यायचं, कारण ते प्रथिनांना एकमेकांत गुंतवून टाकतं आणि अँटिबॉडीला धरायची जागाच झाकली जाते. १९९१ मध्ये शी, की आणि कालरा यांनी दाखवून दिलं की, सेक्शन, म्हणजे कापलेला पापुद्रा, द्रावणात घालून मायक्रोवेव्हमध्ये चांगलं तापवलं तर ही जागा पुन्हा उघडी होते. आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी यासाठी चक्क घरगुती प्रेशर कुकर वापरले. आणि तिथेच पहिला धडा मिळाला. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं अल्ब्युमिन लावलेल्या काचेवर एरवी छान बसणारं सेक्शन कुकरच्या उकळीत सुटून यायचं. काचेला वेगळा लेप हवा, सेक्शन पातळ आणि बिनसुरकुतीचं हवं, खाली पाण्याचा थेंबही न राहता ते पुरतं वाळलेलं हवं. मेणाची रिबन कोमट पाण्यावर सोडल्यावर घडी मोडायला एक-दोन क्षण मिळतात. पाणी गार असेल तर सुरकुत्या राहतात, जास्त गरम असेल तर मेण वितळून ऊती फाकतात. नेमक्या वेळी काच तिरकी बुडवून सेक्शन उचलायचं हे कसब अनुभवी टेक्निशियनच्या बोटांत होतं. नव्या तंत्राला त्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त पडू लागली होती.

१९९८ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध कुणाला लागू पडेल, ते पेशीच्या कडेभोवती उमटणाऱ्या तपकिरी रंगावरून ठरू लागलं. स्लाइडवरच्या रंगावर आता महागडा उपचार आणि बाईचं आयुष्य अवलंबून होतं. तरी रंग फिका आला की पहिला ठपका अँटिबॉडीवर यायचा आणि दुसरा टेक्निशियनवर. ऑपरेशन थिएटरकडे कुणी बोट दाखवत नसे, आणि दोष पुष्कळदा तिथेच असायचा. अख्खी गाठ न कापता अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेली, वर बोटभर फॉर्मालिन, कधी नुसतं सलाइन. वॉर्डातले मामा दुसऱ्या दिवशी बरणी आणून देणार. फॉर्मालिन ऊतीत फार सावकाश शिरतं. अशी गाठ लॅबमध्ये कापली की कडा राखट, घट्ट आणि मधला भाग लाल, मऊ, सडायला लागलेला. तो तसाच प्रोसेसरमध्ये गेला की फॉर्मालिनने न टिकलेला गाभा पुढच्या अल्कोहोलमध्ये भलत्याच रीतीने टिकतो, आणि एकाच स्लाइडवर कडेला एक निकाल आणि मध्ये दुसरा दिसतो. शेवटी २०१० मध्ये अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्या संस्थांनी स्तनाच्या गाठींतल्या हार्मोन रिसेप्टरच्या तपासणीसाठी नियम सांगितला: गाठ काढल्यापासून तासाभरात ती कापून फॉर्मालिनमध्ये गेली पाहिजे आणि तिथे सहा ते बहात्तर तास राहिली पाहिजे. टेक्निशियन मंडळी हेच वर्षानुवर्षं सांगत होती.

नव्वदच्याच दशकातला आणखी एक पुरावा मला सगळ्यांत बोलका वाटतो. १९९७ मध्ये अमेरिकेत जेफ्री टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ च्या फ्लूच्या विषाणूचे जनुकीय तुकडे मिळवले, ते त्या साथीत मेलेल्या सैनिकाच्या फुप्फुसाच्या ब्लॉकमधून. कुणा अनाम माणसाने फॉर्मालिन आणि मेणात जपलेला तो तुकडा जवळजवळ ऐंशी वर्षांनी वाचता आला. आरएनए काढण्याचं यंत्र १९९७ चं होतं, पण त्याला काढण्याजोगं जे उरलं होतं ते १९१८ च्या हातांमुळे.

यावर आक्षेप येतात. पहिला असा की, यंत्रांनी माणसाच्या चुका कमी केल्या आहेत, जुन्या हातकामाचे गोडवे कशाला? मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. पोलादी सुरी दगडावर घासण्यात जाणारे तास आता वाचतात, निर्वातावर चालणारे प्रोसेसर एकसारखं काम करतात, आणि फॉर्मालिनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवल्यावर बंदिस्त यंत्र हवंच. पण यंत्र आत घातलेला तुकडाच पुढे नेतं. तो किती जाड कापायचा, ब्लॉकमध्ये कुठली बाजू खाली बसवायची, आतड्याचा बारीक तुकडा आडवा पडला तर काय हुकेल, हे अजून माणूसच ठरवतो. दुसरा आक्षेप संगणकवाल्यांचा: रंगातला फरक सॉफ्टवेअर सारखा करून देतं. रंगाचा करील. घडी पडलेल्या सेक्शनमधला झाकलेला भाग किंवा सडून विरघळलेलं केंद्रक ते परत आणू शकत नाही, आणि आणल्यासारखं दाखवू लागलं तर ते अधिक घातक. तिसरा आक्षेप, मोठ्या केंद्रांत काम एकवटलं की दर्जा सुधारतो, हा मला सगळ्यांत कमी पटतो. तिथला दर्जा बरणी पोचल्यानंतर सुरू होतो. बिघाड त्याआधीच होऊन गेलेला असतो, आणि गावातली लॅब बंद झाल्यावर सर्जनला ‘ही गाठ नीट कापून पाठवा’ असं सांगणारं कुणी उरत नाही.

आज डीएमएलटी करणाऱ्या मुलांना आपोआप आकडे देणाऱ्या रक्ततपासणीच्या यंत्रांवर नोकरी सहज मिळते. ब्लॉक कापायला शिकण्यात वर्षं जातात, झायलीनचा वास सोसावा लागतो आणि पगारात त्याचं चीज होत नाही. २०२१ च्या कायद्याने वैद्यकीय प्रयोगशाळेतल्या कामाला राष्ट्रीय आयोगाखाली आणलं, ते योग्यच झालं. पण नोंदणीचा क्रमांक मिळाल्याने बोटांत कसब येत नाही. त्यासाठी मोठ्या रुग्णालयांनी हिस्टोपॅथॉलॉजीच्या टेक्निशियनला वेगळी श्रेणी आणि वेगळं प्रशिक्षण दिलं पाहिजे.

सर्जन मंडळींकडे मागणं त्याहून लहान आहे. रुंद तोंडाची बरणी वापरा, गाठीच्या दहापट तरी फॉर्मालिन घाला, गाठ मोठी असेल तर पॅथॉलॉजिस्टला विचारून तिला चिरा द्या. आणि तपासणीच्या फॉर्मवर दोन रकाने छापून घ्या: गाठ काढल्याची वेळ आणि ती फॉर्मालिनमध्ये घातल्याची वेळ. दोन्ही थिएटरमध्येच भरा.