आगीची वर्दी देणारी यंत्रणाच ठिणगी ठरू नये



अन्नछत्राच्या गॅस कोठीत धूर ओळखणारी घंटा बसवावी, अशी सूचना काही भाविकांनी केली असून त्यासाठी देणगी देण्याची इच्छाही दर्शविली आहे. या सद्भावनेबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु जेथे ज्वालाग्राही वायू साठण्याचा संभव असतो, तेथे बाजारातील साधी घंटा बसविणे हितावह नाही. त्याचे कारण सर्वांस कळावे, म्हणून हा लेख. आपल्या बडोद्यालगत कोयली येथे १९६५ पासून तेल शुद्धीकरण कारखाना आहे. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी तेथील बेंझीनच्या टाकीस आग लागून दोन जणांचा मृत्यू झाला. अशा परिसरात राहणाऱ्या आपणा सर्वांस हा विषय परका नाही.

घंटेच्या तारेतील ठिणगी

१४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगहेनिड येथील कोळसा खाणीत भीषण स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले. निश्चित कारण सिद्ध झाले नाही. तथापि ज्या गोष्टींवर संशय घेतला गेला, त्यांत इशारा देणाऱ्या विजेच्या घंटेच्या तारांतील ठिणगी ही एक होती. ही घंटा बॅटरीवर चालणारी, अल्प दाबाची. म्हणून ती निर्धोक मानली जात असे. पुढे व्हीलर व थॉर्नटन या संशोधकांनी अशा घंटांचा अभ्यास केला. घंटेच्या वेटोळ्यात चुंबकीय रूपाने शक्ती साठते आणि तार तुटताच ती ठिणगीतून बाहेर पडते, हे त्यातून स्पष्ट झाले. केवळ व्होल्टेज कमी आहे एवढ्यावरून परिपथ सुरक्षित ठरत नाही. ठिणगीत एकूण ऊर्जा किती, हे पाहावे लागते. आज ज्यास ‘इंट्रिन्सिकली सेफ’, अर्थात अंगभूत सुरक्षित परिपथ म्हणतात, त्याचा पाया येथे घातला गेला.

ही ऊर्जा किती अल्प असते, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला प्रोपेन पेटण्यास सुमारे ०.२५ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हायड्रोजनला तर सुमारे ०.०२ मिलिज्यूल.

ऊर्जा बाहेरच अडविणे

कारखान्यातील मोटारी व दिवे भक्कम फ्लेमप्रूफ पेटीत बंद करता येतात. आत स्फोट झाला तरी ज्वाला बाहेर येत नाही. धूरशोधकाचे तसे नाही. धूर आत शिरला तरच त्यास तो कळणार. म्हणून त्याचे तोंड हवेस मोकळे ठेवावे लागते. शिवाय वायुगळती होताच इतर वीजपुरवठा बंद केला जातो, परंतु आगीची वर्दी देणारी यंत्रणा नेमकी त्याच वेळी जागी राहावी लागते. या दोन्ही अडचणींवर उपाय एकच: धोक्याच्या जागेत जाणारी ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवावयाची, की तार तुटली वा दोन तारा एकमेकींस चिकटल्या तरी वायू पेटू नये.

यासाठी नियंत्रण पॅनेल सुरक्षित जागेत ठेवतात आणि तेथून निघणाऱ्या तारेवर ‘झेनर बॅरिअर’ बसवितात. त्यात फ्यूज, झेनर डायोड व रोधक असतात. चुकून घरगुती २३० व्होल्टची वीज या तारेत शिरली, तर डायोड ती अर्थिंगकडे वळवितात व फ्यूज जळतो. रोधक प्रवाहास मर्यादा घालतो. या बॅरिअरचे अर्थिंग १ ओहमपेक्षा कमी रोधाचे असावे लागते. ते सैल झाले, तर बॅरिअर केवळ नावापुरता उरतो. ‘गॅल्व्हॅनिक आयसोलेटर’ नावाचे दुसरे साधन वापरल्यास अशा खास अर्थिंगची गरज राहत नाही.

बसविताना पाहावयाच्या बाबी

प्रथम जागेचे वर्गीकरण करतात. जेथे स्फोटक मिश्रण सतत वा दीर्घकाळ असते तो झोन ०, नित्याच्या कामात अधूनमधून होऊ शकते तो झोन १, आणि क्वचित व अल्पकाळ होऊ शकते तो झोन २. उपकरणावरील ‘आयए’ ही खूण असे सांगते, की दोन दोष एकाच वेळी उद्भवले तरी ते सुरक्षित राहते; असेच उपकरण झोन ० मध्ये चालते. ‘आयबी’ एका दोषापर्यंत सुरक्षित असते. याखेरीज वायूचा गट व पृष्ठभागाचे तापमान पाहतात. टी-४ वर्गाच्या उपकरणाचा पृष्ठभाग १३५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापत नाही.

त्यानंतर तारेचा हिशेब करावा लागतो. लांब तारेतही वीज साठते. समजा, २८ व्होल्टचा बॅरिअर हायड्रोजनच्या विभागासाठी वापरला आहे. तेथे बाहेरील परिपथास ०.०८३ मायक्रोफॅरडपर्यंत मुभा असते. तारेची नेमकी माहिती नसल्यास दर मीटरला २०० पिकोफॅरड धरतात. म्हणजे ३०० मीटर तारेत ०.०६ मायक्रोफॅरड जातात व शोधकांसाठी ०.०२३ उरतात. तार ५०० मीटर केली, तर ०.१ मायक्रोफॅरड होऊन मर्यादा ओलांडली जाते. शोधक तोच, बॅरिअरही तोच. केवळ तार वाढल्याने सुरक्षितता गेली. म्हणून प्रमाणपत्र असलेले उपकरण आणले की काम झाले, असे समजू नये. पॅनेलपासून शेवटच्या रोधकापर्यंत संपूर्ण परिपथाचा हिशेब लेखी असावा.

या तारा इतर विजेच्या तारांपासून वेगळ्या नेतात. रंगाने ओळख ठेवावयाची असल्यास फिकट निळा रंग वापरतात. जंक्शन बॉक्समध्ये साध्या परिपथाच्या टर्मिनलपासून ५० मिलिमीटर अंतर ठेवतात. दुरुस्तीच्या वेळी दिसावयास सारखा, परंतु प्रमाणपत्र नसलेला शोधक बसविला, तर सर्व खटाटोप वाया जातो. धोक्याच्या जागेत साधा मल्टिमीटर वा मेगर लावणे हेही तितकेच घातक होय.

आपल्या गॅस कोठीविषयी

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो, आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले तरी तो पेट घेऊ शकतो. धूरशोधकास गळती कळत नाही. धूर निर्माण होईपर्यंत वेळ टळलेली असते. म्हणून कोठी मोकळ्या हवेची ठेवणे, जमिनीलगत झरोके राखणे, आणि बटणे, दिवे व तारा कोठीच्या बाहेर, दूर ठेवणे हा पहिला उपाय. वायुशोधक बसवावयाचा झाल्यास तो जमिनीलगत व धोक्याच्या जागेसाठी प्रमाणित असाच हवा. अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

तरी देणगीदारांस नम्र विनंती की, गॅस कोठीसाठी कोणतेही विद्युत उपकरण परस्पर खरेदी करू नये. वस्तू देण्यापूर्वी तिचे प्रमाणपत्र कोणत्या झोनसाठी व कोणत्या वायुगटासाठी आहे, तसेच परिपथाचा हिशेब कोण करून देणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे व कार्यालयात दाखवावे. स्वयंपाकघर, भांडारगृह व सभामंडप येथे साधे धूरशोधक वा उष्णताशोधक योग्य जागा पाहून अवश्य बसविता येतील; त्यासाठी आपल्या सहकार्याचे मनःपूर्वक स्वागत आहे.