बशीतलं मिठागर

भाईंदर मुळात मिठागरांचं गाव. तरी केबिन रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना मीठ पुडीतूनच येतं, एवढंच ठाऊक! म्हणून सुट्टीत आगर बशीतच मांडलं.

100 मिलिलिटर गरम पाण्यात (ते मोठ्यांनीच ओतावं) खडेमीठ घालत, ढवळत राहा. साधारण 36 ग्रॅम विरघळलं की पुढचे दाणे तळाशी बसू लागतात. निवळ पाणी काळ्या कागदावर ठेवलेल्या पसरट बशीत घ्या. पाणी गरम केल्याने मीठ लवकर विरघळतं, पण फारसं जास्त मावत नाही. त्यामुळे नुसतं थंड होऊन खडे फारसे येत नाहीत, पाणी उडावं लागतं. मिठागरातही हेच घडतं, चूल तेवढी उन्हाची.

आमची पहिली बशी पंख्याखाली होती. मिळाला नुसता पांढरा भुगा. दुसरी कोपऱ्यात चार-पाच दिवस विसरलो, आणि भिंगाखाली नेटके चौकोनी खडे दिसले. सोडियम आणि क्लोराइडचे आयन काटकोनातच रचले जातात, म्हणून हा आकार. घाई केली की रचनेला वेळच मिळत नाही.

पावसाळ्यात मात्र हा खेळ नको. दमट हवेत बशी सुकत नाही, आणि मिठागरंही तेव्हा बंदच असतात.