मॉर्मन पंथ

मॉर्मन पंथ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८३० मध्ये स्थापन झालेला एक ख्रिस्ती धर्मपंथ. ‘उत्तरकालीन संतांचे येशू ख्रिस्ताचे चर्च’ अशा अर्थाचे त्याचे अधिकृत नाव असून ‘मॉर्मन’ ही संज्ञा या पंथाच्या द बुक ऑफ मॉर्मन या पवित्र ग्रंथावरून रूढ झाली. जोसेफ स्मिथ (२३ डिसेंबर १८०५–२७ जून १८४४) हा पंथाचा संस्थापक होय.

स्थापना व श्रद्धा : स्मिथचा जन्म व्हर्‌माँट राज्यातील शॅरन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. एका देवदूताने आपणास सुवर्णपत्रे पुरून ठेवलेली जागा दाखविली आणि त्यांवरील प्राचीन लेखाचे भाषांतर आपण दैवी साहाय्याने केले, असे त्याचे प्रतिपादन होते. हा ग्रंथ १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पामायरा येथे प्रसिद्ध झाला. इझ्राएलमधून अमेरिकेत गेलेल्या लोकांचा वृत्तांत त्यात आहे. पुरातत्त्वीय संशोधनातून या वृत्तांतास पुष्टी मिळालेली नाही. अनुयायी मात्र तो बायबलच्या जोडीने प्रमाण मानतात. ६ एप्रिल १८३० रोजी चर्चची विधिवत स्थापना झाली.

साक्षात्कार थांबलेला नाही व मूळ ख्रिस्ती चर्चची पुनःस्थापना झालेली आहे, ही या पंथाची मुख्य धारणा. त्याचबरोबर श्रद्धावंतांनी आपापला देश सोडून एका पवित्र भूमीत, म्हणजे सीयोनमध्ये, एकत्र यावे, अशी शिकवण होती. आरंभीच्या काळातील पंथाचे यश, त्यावरील आपत्ती आणि हिंदुस्थानातील अपयश या तिन्हींच्या मुळाशी एकत्रीकरणाचे हे तत्त्व आढळते.

अंतर्गत संघर्ष : साक्षात्काराचा अधिकार कोणाचा, हा वाद प्रथम वर्षीच उद्‌भवला. हायरम पेज या अनुयायाने आपणासही दैवी संदेश मिळतात, असा दावा केला. तेव्हा संपूर्ण चर्चसाठी संदेश स्वीकारण्याचा अधिकार एकट्या स्मिथचा, असा निर्णय झाला. त्यामुळे शिस्त आली. परंतु धार्मिक अधिकाराबरोबर आर्थिक व राजकीय सत्ताही एका व्यक्तीच्या हाती एकवटत गेली. ओहायओतील कर्टलंड येथे चर्चच्या नेत्यांनी काढलेली पतपेढी १८३७ मध्ये बुडाली, तेव्हा अनेक प्रमुख अनुयायी पंथापासून दुरावले. ग्रंथाच्या लेखनात स्मिथला साहाय्य करणारा ऑलिव्हर काउडरी हा १८३८ मध्ये बहिष्कृत झाला.

मिसूरी राज्यात मॉर्मन लोक मोठ्या संख्येने एकवटल्याने त्यांचे मतदान, जमीनखरेदी व धार्मिक दावे यांविषयी स्थानिक रहिवाशांत भीती पसरली. सशस्त्र चकमकींनंतर ऑक्टोबर १८३८ मध्ये राज्यपाल लिलबर्न बॉग्झ याने त्यांना हुसकावून लावावे अथवा नष्ट करावे, असा हुकूम काढला. निर्वासितांनी इलिनॉय राज्यात नॉव्हू हे नगर वसविले. तेथे स्मिथने गुप्तपणे चालविलेल्या बहुपत्नीकत्वामुळे पुन्हा फूट पडली. जून १८४४ मध्ये विरोधकांनी एक वृत्तपत्र काढून या प्रथेवर व स्मिथच्या सत्तेवर टीका केली. महापौर या नात्याने स्मिथने नगरपरिषदेकरवी त्यांचा छापखाना उद्‌ध्वस्त करविला. त्या प्रकरणी कार्थेजच्या तुरुंगात असताना जमावाने त्याची व त्याचा भाऊ हायरम याची हत्या केली.

वारसाविषयी निश्चित नियम नसल्याने सिडनी रिग्डन, जेम्स स्ट्रँग व ब्रिगम यंग यांनी नेतृत्वावर हक्क सांगितला. बहुसंख्यांनी यंगच्या नेतृत्वाखालील बारा प्रेषितांच्या मंडळाचा स्वीकार केला आणि १८४७ मध्ये यंग अनुयायांसह सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. मागे राहिलेल्या गटांपैकी काहींनी १८६० मध्ये संस्थापकाचा पुत्र तिसरा जोसेफ स्मिथ याच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र चर्च संघटित केले.

धर्मप्रचार : परदेशांतील पहिले मोठे यश १८३७ पासून इंग्लंडमध्ये लाभले. औद्योगिक नगरांतील कष्टकऱ्यांस नव्या भूमीत वसण्याची कल्पना आकर्षक वाटली आणि १८४० पासून लिव्हरपूलहून स्थलांतरितांची जहाजे निघू लागली. १८४९ मध्ये त्यासाठी कायम निधी उभारण्यात आला.

हिंदुस्थानात ब्रिटिश खलाशांमार्फत पंथाची वार्ता प्रथम कलकत्त्यास पोहोचली. तेथे १८५१ मध्ये जोसेफ रिचर्ड्‌स याने काहींना बाप्तिस्मा दिला. सप्टेंबर १८५२ मध्ये ह्यू फिंडली हा स्कॉटिश प्रचारक मुंबईस आला. वृत्तपत्रांतील टीकेने त्याचे स्वागत झाले. बाँबे गार्डियन या पत्रातील लेखांस त्याने १८५३ मध्ये पुस्तिकेद्वारा उत्तर दिले. त्यानंतर तो पुण्यास गेला. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रवचने करण्यास परवानगी नाकारल्याने छावणीबाहेर राहून त्याने एक लहान शाखा उभारली. तीत प्रामुख्याने यूरोपीय व यूरेशियन लोक होते. मराठी शिकण्याचा त्याने प्रयत्न केला आणि मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिकाही लिहिली.

ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील परिषदेत हिंदुस्थानसाठी आणखी नऊ प्रचारक नेमले गेले. त्याच परिषदेत बहुपत्नीकत्वाचा जाहीर पुरस्कार झाला. प्रचारक एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्यास उतरले. नंतर मद्रास, कराची इ. ठिकाणी ते पांगले. परंतु बहुपत्नीकत्वाच्या वार्तेने त्यांना सर्वत्र अडचणीत आणले. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबई इलाख्यात शाळा, मुद्रणालय व बायबलचे मराठी भाषांतर यांच्या आधारे काम चालविले होते. मॉर्मन प्रचारकांपाशी यांपैकी काहीच नव्हते. ते द्रव्यावाचून फिरत व निवाऱ्यासाठी श्रोत्यांवर अवलंबून असत. एकत्रीकरणाची शिकवण येथे विशेष अवघड ठरली. सैनिक नोकरीच्या कराराने बांधलेला होता, तर जातीबाहेर पडलेल्या एतद्देशीयास ना येथे आधार होता, ना समुद्रप्रवासासाठी पैसा. जे जाऊ शकले, ते गेल्याने येथील शाखा आणखी क्षीण झाल्या. मुंबईत जन्मलेली एलिझाबेथ झेवियर टेट ही १८५६ मध्ये विलीच्या हातगाडी तांड्याबरोबर यूटाकडे निघाली. हिमवादळ व उपासमार यांमुळे या तांड्यातील साठांहून अधिक लोक वाटेत मरण पावले. फिंडली १८५५ मध्ये परतला व १८५६ मध्ये शेवटचा प्रचारक रॉबर्ट स्केल्टन यानेही हिंदुस्थान सोडला.

उत्तरकाल : १८९० मध्ये चर्चचा अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ याने बहुपत्नीकत्व थांबविण्याचे जाहीर केले. पुढे आपापल्या देशातच राहून चर्च वाढवावे, असे धोरण चर्चने स्वीकारले. भारतात १९९३ मध्ये बंगलोर येथे स्वतंत्र प्रचारकेंद्र स्थापन झाले व २०१८ मध्ये त्याच नगरात मंदिर उभारण्याची घोषणा झाली. पुण्यातील पहिल्या शाखेस जे तत्त्व मारक ठरले, त्याचा त्याग केल्यानंतरच या पंथास भारतात स्थैर्य लाभले.