मुलाखतीत उमेदवाराने विचारायचे प्रश्न

मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचंय?" असे विचारले की बहुतेक उमेदवार नकारार्थी मान हलवतात. पुणे जिल्ह्यातील खुटबाव परिसरातून कुरकुंभ किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत जाणाऱ्यांसाठी पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: नेमणूकपत्र कंपनीचे की ठेकेदाराचे? पगार, रजा, कायम होण्याची शक्यता, सगळे यावर अवलंबून असते. शिकाऊ उमेदवारी असल्यास मुदत विचारावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार शिकाऊ हा कामगार धरला जात नाही. त्याला विद्यावेतन मिळते आणि पुढे नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. म्हणून आधीच्या तुकडीतले किती जण कायम झाले, हे नक्की विचारावे.

पगाराचा सांगितलेला आकडा हातात पडणारा की एकूण? मूळ वेतन व महागाई भत्त्यातून साधारणपणे १२ टक्के भविष्य निर्वाह निधी कापला जातो. कारखान्यातील कामगाराला जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळायला हवा. तिथली पद्धत विचारण्यात संकोच नको.

कुरकुंभला रसायनांचे कारखाने असल्याने कोणती रसायने हाताळावी लागतील आणि प्रशिक्षण कोण देणार, हेही विचारावे. खुटबावला रेल्वे स्थानक आहे, पण रांजणगावला रेल्वे जात नाही. तेव्हा रात्रपाळीला कंपनीची बस कुठपर्यंत येते?