27 गावांचं इतिवृत्त

निळजे, काटई, भोपर, हेदुटणे. कल्याण-डोंबिवलीच्या कडेच्या या 27 गावांवर लिहिलं जातं ते कर, पाणी आणि बेकायदा इमारतींपुरतं. मला त्यांच्याबद्दल वेगळंच विचारावंसं वाटतं. इथल्या माणसाला उभं राहून जाब विचारता येईल अशी सभा कधी होती, आणि ती लिहून कोण ठेवत होतं?

1 ऑक्टोबर 1983 ला कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, गावं तिच्यात गेली, ग्रामपंचायती संपल्या. महापालिकेची पहिली निवडणूक मात्र 1995 ला. मधली बारा वर्षं प्रशासकाची. गावाची सभा गेली आणि नगरसेवकांचीही आली नाही. 2002 ला आंदोलनानंतर गावं बाहेर पडली. कारण कराचं सांगतात, ते खरंही आहे. पण आपल्याला कुणी विचारत नाही हा रागही मला तेवढाच मोठा वाटतो.

मग ग्रामपंचायती पुन्हा आल्या, आणि त्यांच्याबरोबर ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तिच्या ठरलेल्या तारखा. अध्यक्ष बहुतेकदा सरपंच, पण वही ग्रामसेवकाची. नोटीस तो काढतो, दवंडी तो देववतो, हजेरीवर सह्या-अंगठे तो घेतो. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब. जमली तर आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, मग विषय. चर्चा कितीही तापो, वहीत उतरतो तो ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’. म्हणून जाणती माणसं सभा संपल्यावर टेबलापाशी थांबत: ‘भाऊ, माझा विरोध लिहिलात ना?’ ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर, त्याला मत नाही. तरी गावाने काय ठरवलं, याचा पुरावा त्याच्या अक्षरात असतो.

ती वर्षं सुवर्णकाळ होती असं मी म्हणणार नाही. याच काळात गावठाणाबाहेर, अधिकार नसताना दिलेल्या ‘ना हरकत’ दाखल्यांवर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यात घर घेणारी साधी माणसं भरडली गेली. ज्या सभेला लोक येत नाहीत, तिची वहीही दुसऱ्याच्याच सोयीने लिहिली जाते.

1 जून 2015 ला गावं पुन्हा महापालिकेत आली. आता ग्रामसभेच्या जागी नगरसेवकांची महासभा. विषयपत्रिका महापालिका सचिव काढतो. प्रशासनाचे प्रस्ताव, लक्षवेधी, तहकुबी सूचना, सगळ्याची रीतसर नोंद होते. ग्रामसेवकाच्या वहीपेक्षा हे काम कितीतरी नेटकं. पण बोलायचा हक्क 122 निवडून आलेल्यांचा आणि मूठभर स्वीकृतांचा. निळजेचा मतदार प्रेक्षागॅलरीत बसून ऐकणार.

24 जून 2020 ला शासनाने यातली 18 गावं वगळली. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. गावं वगळण्याआधी कायद्याने महापालिकेशी विचारविनिमय करावा लागतो. तो झालाच नव्हता, हा त्यातला कळीचा मुद्दा. महासभेपुढे विषय आणणं ही काही नुसती औपचारिकता नाही, हे इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

दुर्दैव असं, की नोव्हेंबरमध्येच महासभेची मुदत संपली होती. त्यानंतर थेट 15 जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत पुन्हा प्रशासक. प्रस्ताव त्याच्याच प्रशासनाचा, मंजुरी त्याचीच. ठरावांना क्रमांक पडत राहिले. सूचक-अनुमोदकांचं कामच उरलं नाही.

म्हणजे 1983 पासूनच्या चार दशकांत इथल्या साध्या मतदाराला सभेत बोलता आलं ते 2002 ते 2015 एवढंच. शहरासाठी क्षेत्रसभेची, म्हणजे त्या त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद 2009 पासून कायद्यात आहे. नव्या महासभेने ती आधी याच 27 गावांत भरवावी. लिहायला महापालिकेचा एक कर्मचारी बसवावा, आणि पुढच्या सभेत त्याने मागचं इतिवृत्त मोठ्याने वाचावं.