पाच उदाहरणे आणि एक मोठी संख्या

मंडळी, पाटी-पेन्सिल जवळ असू द्या. ही संख्या लिहा: ४,२९,४९,६७,२९७. आता मोठ्याने वाचा: चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही संख्या मूळ की संयुक्त, हा प्रश्न युरोपात ब्याण्णव वर्षे अडून राहिला होता.

मूळ आणि संयुक्त म्हणजे काय? बारा नारळ घ्या. तीन-तीनच्या चार ओळी नीट लागतात. तेरा नारळांचं तसं जमत नाही. एकच लांब ओळ करा, नाहीतर काही तरी उरतंच. म्हणून बारा ही संयुक्त संख्या आणि तेरा ही मूळ संख्या.

आता आपली संख्या आली कुठून ते पाहा. ३ घ्या. त्यातून १ वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा आणि १ मिळवा. आले ५. हीच रीत पुढे चालवली की १७, मग २५७, मग ६५,५३७ येतात. ३ धरून या पाचही मूळ संख्या आहेत. सहाव्या जागी येते आपली दहा आकडी संख्या.

फ्रान्समधील पिएर द फर्मा हा पेशाने कायद्याचा माणूस, पण मोठा गणिती. या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असणार, असे त्याने १६४० साली लिहिले. सिद्धता मात्र आपल्यापाशी नाही, हेही त्याने सांगून ठेवले होते.

मग सहावी संख्या तपासून का पाहिली नाही? पाहा बरं करून. ती विषम आहे, म्हणजे २ ने भाग जात नाही. शेवटी ७ आहे, म्हणजे ५ ने नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ नेही नाही. असं करत ६५,५३६ पर्यंत जायचं, तर वाटेत साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्या लागतात!

१७३२ साली लेओनार्ड ऑयलरने उत्तर दिले: ६४१ × ६७,००,४१७. म्हणजे संख्या संयुक्त! हिला भागणारी मूळ संख्या ६४ ने भागली तर बाकी १ च राहते, हे त्याने पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. साडेसहा हजारांचं काम पाचव्या भागाकारातच संपलं!

त्यानंतरच्या ज्या ज्या संख्यांचा निकाल लागला, त्या सगळ्या संयुक्तच निघाल्या. पुढे कधीच मूळ संख्या येणार नाही, असे मात्र आजवर कोणी सिद्ध केलेले नाही.

गुरुजनहो, वर्गात आपण चार-पाच उदाहरणे सोडवतो आणि म्हणतो, "झाला नियम!" उदाहरणांनी नियम सुचतो, तो पक्का होतो सिद्धतेने. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, आणि वरचा गुणाकार त्यांच्याच हातून करून घ्या.